फ्रेंच लष्करी व आरमारी दप्तरें आणि संजाणची पोथी

उत्तर कोंकणच्या इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे पेशवे दप्तर, गोव्याचें पोर्तुगीज दप्तर व मुंबईकर इंग्रजांचे कागद या तिहींकडे संशोधकांची दृष्टि प्रथम जाते, आणि तें योग्यच आहे. डहाणू, तारापूर, माहीम हा पट्टा १७३९ पर्यंत पोर्तुगिजांकडे होता. त्या सालच्या मोहिमेंत तो मराठ्यांनीं जिंकिला. १८१७ नंतर तो इंग्रजांकडे गेला. फ्रेंचांचा येथें ना किल्ला, ना वखार. तेव्हां फ्रेंच फौजेच्या व आरमाराच्या दप्तरांचा डहाणू-तलासरीच्या मुलखाशीं संबंध तो काय, असें कोणीं विचारल्यास तो प्रश्न वावगा म्हणतां येणार नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, संबंध आहे. मात्र तो लढाईचा नसून एका पोथीचा आहे, आणि ती पोथी ज्या वाटेनें परदेशीं गेली त्या वाटेचा आरंभ एका शिपाईभरतींत सांपडतो.

प्रथम या दप्तरांचें स्वरूप सांगणें अवश्य आहे. १६६४ सालीं कोल्बेर या मंत्र्याच्या पुढाकारानें फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनी निघाली. ब्रिटनीच्या किनाऱ्यावर लोरिआं हें बंदर तिच्याच जहाजांकरितां वसलें. कंपनीची मक्तेदारी १७६९ सालीं स्थगित झाली, तोंपर्यंत हिंदुस्थानांत येणारे बहुतेक फ्रेंच शिपाई कंपनीचे चाकर असत. युद्धप्रसंगीं राजाच्या पलटणी व राजाचीं लढाऊ जहाजें मागाहून येत. यामुळें कागदही दोन घरचे झाले आहेत. कंपनीच्या जहाजांचे हजिरीपट आज लोरिआं येथील आरमारी दप्तरखान्यांत आहेत. राजाच्या फौजेचे पट पॅरिसजवळ व्हँसेनच्या किल्ल्यांत आहेत. फुलचेरी, माहे, चंद्रनगर येथील कारभाराचा पत्रव्यवहार दक्षिण फ्रान्समध्यें एक्स या शहरीं ठेविलेला आहे. लोरिआंच्या पुष्कळ पटांच्या प्रतिमा आतां संगणकावर घरबसल्या पाहतां येतात. ज्यांनीं एकेका मोडी रुमालासाठीं दहा दहा कोस पायपीट केली आहे त्यांस या सोयीचें मोल सांगावयास नको.

जहाजाच्या पटांत काय असतें? जहाज निघतांना एक पट होई व परत आल्यावर दुसरा. त्यांत कप्तानापासून खलाशाच्या पोरापर्यंत सर्वांचीं नांवें, हुद्दा, गांव व पगार हीं लिहिलेलीं असत. वाटेंत कोण वारला, कोण कोणत्या बंदरीं उतरला, कोण पळून गेला याची टीप समासांत असे. जहाजांतून जाणारे शिपाई व उतारू यांच्या याद्या निराळ्या. फौजेचा पट याहून बारीक. २ जुलै १७१६ च्या राजाज्ञेनें फ्रान्समध्यें प्रत्येक पलटणीचा असा पट ठेवण्याची रीति पक्की झाली. शिपायाचें नांव, बापाचें नांव, जन्मगांव, वय, उंची, केसांचा रंग, चेहऱ्यावरील व्रण, चाकरीस लागल्याची मिति आणि अखेर मृत्यु, रजा किंवा पलायन, एवढें एका ओळींत बसविलेलें असतें. आमच्या वाचकांस हें नवें वाटूं नये. मोगली फौजेंतील ‘चेहरा’ व ‘दाग’ हे शब्द परिचित आहेत, आणि चेहरेपट्टी हा शब्द तर मराठींत आजही रुळलेला आहे. भेद इतकाच कीं, आमच्याकडील स्वारांच्या हजिरींत घोड्याचा रंग, खूण व किंमत यांस जो मान, तो तिकडे पायदळाच्या माणसाच्या उंचीस. ज्या फौजेचा जीव घोड्यांत, ती घोडा टिपून ठेवते. ज्या फौजेचा जीव बंदुकीच्या रांगेंत, ती रांगेंतल्या माणसास मापते.

या मापांत एक खाच आहे. फ्रेंच फूट इंग्रजी फुटाहून मोठा, सुमारें साडेबत्तीस सेंटिमीटरांचा. पटांत ‘५ फूट २ इंच’ लिहिलेला शिपाई इंग्रजी मापानें पांच फूट सहा इंच भरतो. ही गोष्ट लक्षांत न घेतल्यास सगळी पलटणच ठेंगणी ठरेल! नांवांत तर याहून मोठी खाच आहे. शिपाई पलटणींत शिरला कीं त्यास एक रणनाम मिळे. ‘ला फ्लर’ म्हणजे फूल, ‘सां सूसी’ म्हणजे बेफिकीर, अशीं तीं नांवें शेंकड्यांनीं आढळतात, आणि पुढें तोच मनुष्य एखाद्या पत्रांत नुसत्या रणनामानें येतो. शिंद्यांच्या कवायती फौजेचा सेनापति पेरों याचें खरें आडनांव क्युलिये. तो फ्रेंच आरमाराबरोबर इकडे आला व मलबार किनाऱ्यावर नोकरी सोडून निघाला. पेरों म्हणून त्यास जहाजाच्या पटांत शोधणारा हात हलवीत परत येईल. आमच्या मराठी पत्रांत तर ‘मुस्यु’चा ‘मुसा’ होऊन नांवास चिकटतो. बुसीचा ‘मुसाबुसी’ झाला तो यामुळेंच, आणि ‘मुसा’ हें त्याचें मुसलमानी नांव समजणारेही आम्हांस भेटले आहेत.

मित्यांविषयींही थोडें सांगितलें पाहिजे. इंग्रजांनीं नवी कालगणना १७५२ च्या सप्टेंबरांत स्वीकारिली. फ्रेंच व पोर्तुगीज ती १५८२ पासूनच पाळीत होते. म्हणून वसईच्या तहाची तारीख पोर्तुगीज कागदांत १६ मे १७३९ व इंग्रजी गणनेनें ५ मे अशी येते. तिथि एकच, आंकडे दोन. पुढें राज्यक्रांतीनंतर फ्रेंचांनीं महिन्यांचीं नांवेंच बदललीं. खर्ड्याची लढाई ११ मार्च १७९५ ची. तीच मिति त्या वेळच्या फ्रेंच कागदांत ‘सन ३, व्हांतोज २१’ अशी येणार. त्या लढाईंत निजामाकडे रेमों व शिंद्यांकडे पेरों, असे फ्रेंच दोहीं बाजूंस होते. हा व्हांतोज महिना न ओळखल्यामुळें एखादा महत्त्वाचा कागद बिनमितीचा म्हणून बाजूस पडल्यास नवल नाहीं.

आतां स्थलनामें. ‘तलासरी’ हें नांव या दप्तरांत शोधूं नये. समुद्रावरील माणसास तें दिसण्याचें कारण नाहीं. ‘दानू’ दिसेल, तें डहाणू. परंतु सुरतेच्या वाटेवरील जहाजांच्या रोजनाम्यांत व नकाशांत एक ‘सें जां’, इंग्रजी कागदांत ‘सेंट जॉन’, वारंवार येतो. दर्यावर्दी लोकांस ही उंच भूमि दुरून दिसे व तिच्यावरून ते आपला ठाव काढीत. या किनाऱ्यावर कोणा संताचें देऊळ शोधीत बसण्याचें प्रयोजन नाहीं. हा सेंट जॉन म्हणजे संजाण. पोर्तुगिजांनीं कानावर पडलेल्या नांवास आपल्या ओळखीच्या संताचें रूप दिलें व मागाहून आलेल्यांनीं तें तसेंच उचललें. संजाणच्या पाठीमागें पूर्वेस जे डोंगर उठतात ते आजच्या तलासरी व डहाणू तालुक्यांच्याच अंगास आहेत. म्हणजे ज्या मुलखांत फ्रेंचांनीं पाऊल रोविलें नाहीं, त्याचे डोंगर त्यांच्या नाखव्यांच्या नजरेंत रोज होते. १९६० पासून संजाण गुजरातेंत गेलें व तलासरी महाराष्ट्रांत राहिली. २०१४ पासून आमचे दोन्ही तालुके पालघर जिल्ह्यांत आहेत. अठराव्या शतकाच्या कागदांस या सीमा ठाऊक नाहींत, आणि संशोधकानेंही त्या कागदांवर लादूं नयेत.

संजाणची कथा वाचकांस विदित आहेच. इराणांतून आलेले पारशी येथें उतरले, येथेंच त्यांनीं आपला अग्नि स्थापिला, आणि संजाण मुसलमानांच्या हातीं पडल्यावर तो अग्नि घेऊन ते बारा वर्षें बाहरोटच्या डोंगरांत राहिले, असें ‘किस्से-इ-संजान’ या फारसी काव्यांत सांगितलें आहे. बाहरोटचीं लेणीं आमच्याच टापूंत आहेत. या काव्याचा सारांश युरोपांत प्रथम छापिला तो आंकेतील द्यु पेरों यानें, १७७१ सालीं, आपल्या ‘झेंद-अवेस्ता’ या ग्रंथांत. आणि हा आंकेतील हिंदुस्थानाकडे निघाला तो पंडित म्हणून नव्हे, शिपाई म्हणून.

त्याचा जन्म १७३१ चा, पॅरिस शहरांतला. हिब्रू, अरबी, फारसी शिकलेला हा तरुण १७५४ सालीं ऑक्सफर्ड येथील वेंदिदादच्या पोथीच्या चार पानांची नक्कल पाहतो काय, आणि तो ग्रंथ वाचून भाषांतर करावयाचा असा पण करतो काय! जवळ पैसा नाहीं. सरकारी मदतीस वेळ लागणार. तेव्हां तो सरळ कंपनीच्या फौजेंत नांव नोंदवितो आणि ७ नोव्हेंबर १७५४ रोजीं नव्या भरतीच्या शिपायांबरोबर पायींच लोरिआंस निघतो. त्या काळीं कंपनीची भरती म्हणजे कशा लोकांची, हें पलायनाच्या टिपांनीं भरलेले समास पाहिल्यास कळतें. अशा मेळ्यांत एक हिब्रू बायबल पाठीशीं बांधून हा विद्यार्थी चालला होता.

येथवरची कथा सर्व चरित्रकार सांगतात, आणि बहुतेक ‘साधा शिपाई होऊन हिंदुस्थानांत आला’ या वाक्यावर थांबतात. परंतु लोरिआंस पोहोंचल्यावर त्यास असें कळलें कीं, पॅरिसमधील विद्वान मित्रांच्या खटपटीनें राजानें त्यास पांचशें लिव्र वर्षासन मंजूर केलें आहे, शिपाईगिरीच्या करारांतून त्याची मुक्तता झाली आहे आणि जहाजांत त्यास कप्तानाच्या पंक्तीस जागा आहे. फेब्रुवारी १७५५ मध्यें ‘द्युक दाकितेन’ या जहाजावर तो चढला तो उतारू म्हणून, व १० ऑगस्ट १७५५ रोजीं फुलचेरीस उतरला. तेव्हां चरित्रांतील प्रसिद्ध वाक्यावर विसंबून जो शिपायांच्या यादींतच त्यास शोधील त्यानें उतारूंची यादीही उघडली पाहिजे. भरती, मुक्तता व प्रवास या तीन निराळ्या घटना असून त्यांचे कागदही निराळे. आमच्या मतें लष्करी पटाचें खरें शिक्षण हेंच. मनुष्य काय होऊन निघाला व काय होऊन पोहोंचला हें एका ओळीवरून ठरवितां येत नाहीं. पट खोटा नसतो, पण तो एका दिवसाचा असतो.

पुढील प्रवास थोडक्यांत असा. फुलचेरी, बंगाल, पुन्हां फुलचेरी, माहे, गोवा आणि तेथून खुष्कीनें मराठी मुलूख व वेरूळ यांवरून १ मे १७५८ रोजीं तो सुरतेस पोहोंचला. मराठी मुलखांतील लोकांचें समाधान, जोम व आतिथ्य यांविषयीं त्यानें जें आदरानें लिहिलें आहे तें आमच्याकडील विद्वानांनीं अनेकदां उद्धृत केलें आहे. सुरतेस दस्तूर दाराब यांच्यापाशीं त्यानें अवेस्ता व पहलवीचा अभ्यास केला. १७६० च्या अखेरीस साष्टींतील कान्हेरी व मुंबईजवळील घारापुरी हीं लेणीं पाहण्याकरितां तो सुरतेहून किनाऱ्याकिनाऱ्यानें दक्षिणेस निघाला. दमण, नारगोळ, उंबरगांव, डहाणू, तारापूर, माहीम, वसई ही ती वाट. एकवीस वर्षांपूर्वीं याच तारापूरपुढें बाजी भिवराव रेठरेकर पडले होते. आतां तेथें पेशव्यांचा अंमल स्थिर होता व एक फ्रेंच मनुष्य वाटेंतील गांवें, अंतरें, ओढे टिपीत चालला होता. त्याच सुमारास इकडील सदाशिवरावभाऊ पानिपतावर छावणी देऊन बसले होते व तिकडे इंग्रजांनीं फुलचेरीस वेढा घातला होता. १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपत झालें. १६ जानेवारीस फुलचेरी इंग्रजांच्या हातीं गेली. दोन दिवसांच्या अंतरानें दोन पक्ष खचले, आणि पानिपतावर मराठ्यांकडून जो तोफखाना झुंजला त्याचा नायक इभ्राहिमखान गारदी हा बुसीच्याच तालमींतला होता.

फ्रेंच सत्ता अशी कोसळत असतां आंकेतीलची पुंजी मात्र सुरक्षित राहिली. तो इंग्रजी जहाजानें युरोपांत परतला आणि मार्च १७६२ मध्यें एकशें ऐंशी हस्तलिखितें त्यानें राजाच्या ग्रंथालयांत जमा केलीं. तीं आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत आहेत. १७७१ सालीं त्याचें भाषांतर प्रसिद्ध झाल्यावर विल्यम जोन्स यानें त्याची कठोर टवाळी केली. ग्रंथ बनावट आहेत व भाषांतरकार फसला आहे, असा तिचा मथितार्थ. हा वाद पुढें अर्धशतकाहून अधिक चालला. १८२६ सालीं रास्क या डॅनिश पंडितानें अवेस्ताची भाषा प्राचीन व अस्सल असल्याचें दाखविलें. आणि १८३३ सालीं युजेन ब्युर्नूफ यानें यस्नावरील आपली टीका प्रसिद्ध करून अर्थाचा मार्ग मोकळा केला.

ब्युर्नूफच्या हातांत कोणती किल्ली होती, हें आम्हां संस्कृतच्या अभ्यासकांस विशेष कौतुकाचें आहे. आंकेतीलच्या एकशें ऐंशी पोथ्यांत यस्नाचें एक संस्कृत भाषांतरही होतें. तें दस्तूर नेर्योसंघ धवल याचें. हा नेर्योसंघ परंपरेनें संजाणचा, आणि त्याचा काळ अभ्यासक बाराव्या शतकाच्या आसपास धरितात. त्याचें संस्कृत पाणिनीच्या कसोटीस उतरणारें नव्हे. विभक्ति कोठें ढळते, समास कोठें अडखळतो. तो मूळ अवेस्तावरून नव्हे, पहलवी भाषांतरावरून संस्कृतांत आणीत होता, हेंही ध्यानांत ठेविलें पाहिजे. पण अर्थ स्वच्छ. आंकेतीलास संस्कृत येत नव्हतें. तो सुरतेंत ऐकलेल्या फारसी विवरणावर अवलंबून राहिला व म्हणून ठिकठिकाणीं चुकला. त्यानें जी पोथी स्वतः वाचतां येत नसतां वाहून नेली, तीच सत्तर वर्षांनीं त्याच्या कामीं आली. यस्न म्हणजे यज्ञ, हओम म्हणजे सोम, हें नातें ज्या संस्कृताच्या आधारानें पक्कें झालें, त्याचा एक धागा आमच्या तलासरीशेजारच्या संजाणांत निघतो, आणि दुसरा १७५४ च्या हिवाळ्यांत लोरिआंच्या रस्त्यावर पायीं चाललेल्या भरतीच्या टोळींत.

आंकेतील हा एकटाच नव्हे. जां बातिस्त जांती हा १७५२ सालीं इकडे आलेला फ्रेंच लष्करी अधिकारी. पुढें तो अयोध्येच्या शुजाउद्दौल्यापाशीं राहिला. त्यानें चित्रें, नाणीं व हस्तलिखितें जमविलीं आणि दारा शुकोहनें १६५७ सालीं करविलेल्या उपनिषदांच्या फारसी भाषांतराची एक प्रत १७७५ सालीं आंकेतीलास पोहोंचती केली. त्यावरून १८०१-०२ सालीं लॅटिन ‘औपनेखत’ निघालें व त्यांतूनच शोपेनहौअरास उपनिषदें कळलीं. तलवार बांधून आलेल्या माणसांनीं पोथ्या वाचविल्या, हें विधान सर्वांस लागू करूं नये. लुटीच्याही पोथ्या आहेत. परंतु कोणती पोथी विकत घेतली, कोणती नकलून घेतली व कोणती उचलून नेली, याचा निर्णय करावयाचा तर नेणारा मनुष्य त्या सालीं कोठें होता हें कळलें पाहिजे, आणि तें सांगणारा कागद म्हणजे हाच रुक्ष हजिरीपट.

राजकारणाच्या इतिहासासही या दप्तरांचा उपयोग आहे, त्याचें एकच उदाहरण देतों. मार्च १७७७ मध्यें सें ल्युबें हा फ्रेंच गृहस्थ चौलास उतरला व पुढें पुण्यास नाना फडणिसांच्या दरबारीं गेला. अडीच हजार युरोपियन शिपाई आणूं, दहा हजार देशी शिपाई कवायतीस तयार करूं, असें त्याचें बोलणें होतें. इंग्रजांनीं या बोलण्याचा मोठा धसका घेतला, आणि ग्रँट डफच्या इतिहासांत तो धसकाच प्रामुख्यानें उतरला आहे. तें सैन्य कधींच आलें नाहीं. स्युफ्रांचें आरमार आलें तें १७८२ सालीं, आणि पूर्व किनाऱ्यावर हैदरअल्लीच्या साह्यास. त्याच सालच्या १७ मे रोजीं सालबाईचा तह होऊन मराठी मुलखांत नव्या युरोपियन वखारींस दार बंद झालें. वचन किती मोठें व त्यामागें जहाजें किती, याचा ताळा इंग्रजी पत्रांवरून बसत नाहीं. फ्रेंच आरमाराच्या पटांवरून बसतो. प्रा. हातळकर यांनीं १९५८ सालीं फ्रेंच-मराठे संबंधांवर जो ग्रंथ लिहिला त्यानें हें दालन उघडलें. आंत जाणारे मात्र अजून थोडे.

आतां संग्राहकांपुढें एक गाऱ्हाणें मांडावयाचें आहे. अशा पटांतील एखादें पान, एखादी सही, लाखेची एखादी मोहोर असलेला हुकूम बाजारांत स्वतंत्र विकावयास येतो, व चांगले जाणते लोकही तो चौकटींत बसवून भिंतीस लावितात. पटाचें पान पटांतून सुटलें कीं जहाजाचें नांव गेलें, मिति गेली, आधीची व नंतरची ओळ गेली. उरतें तें सुंदर अक्षर. आमच्याकडे मोडी रुमालांची हीच गति आहे. एका घरीं आम्ही पाहिलेला जकातीच्या कागदांचा रुमाल पुढें भावाभावांच्या वांटणींत फुटला. एकाकडे वरचा बंद, दुसऱ्याकडे शेवटचा, मधले रद्दींत. आज त्या दोन बंदांवरून साल ठरवितां येत नाहीं, नाकें ठरवितां येत नाहीं. दोघांकडेही ‘जुना कागद’ आहे, इतिहास कोणाकडेच नाहीं. आंकेतीलच्या पोथ्या एका हातीं, एका यादींत, एका ग्रंथालयांत राहिल्या म्हणून ब्युर्नूफास नेर्योसंघ सांपडला. त्याच पोथ्या सुरतेंत सुट्या विकल्या गेल्या असत्या तर संस्कृत यस्न हें कोणा तरी श्रीमंताच्या कपाटांतील ‘अशुद्ध संस्कृत, विषय अज्ञात’ असें एक बाड होऊन बसलें असतें.

डहाणू, बोर्डी, तलासरी, उंबरगांव, संजाण या टापूंतील जुन्या घराण्यांत व अंजुमनांत १७४० ते १७६५ या काळचे वाटखर्चाचे, जकातीचे किंवा पालखीच्या भोयांच्या मजुरीचे मोडी अथवा गुजराती कागद असल्यास, आणि त्यांत ‘फरासीस’, ‘मुसा’ किंवा ‘टोपीवाला’ असा उल्लेख आढळल्यास, मालकांनीं तो कागद रुमालांतून न काढतां तसाच ठेवावा व त्याच्या अलीकडील-पलीकडील बंदांसह नक्कल मंडळाकडे पाठवावी. १७६० च्या अखेरच्या महिन्यांतील डहाणू-तारापूरच्या नाक्यांचे कागद विशेष पाहण्यासारखे आहेत.